बेस गेला कुठे? हेडफोनविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या सदरासाठी हेडफोन आणि त्यांच्या जोडणीबद्दलचे प्रश्न निवडले आहेत. एकाच अर्थाची पत्रं एकत्र केली आहेत. 'कोणता घेऊ?' एवढंच विचारणाऱ्यांना मॉडेलचं नाव दिलेलं नाही. कान कसे आहेत, चष्मा आहे का आणि हेडफोन कशाला जोडणार, हे कळल्याशिवाय तो सल्ला अंदाजपंचेच ठरतो.

प्रश्न : खोक्यावर '५० मिमी ड्रायव्हर', '५ हर्ट्झ ते ४० किलोहर्ट्झ', 'हाय-रेझ' असं बरंच काही छापलेलं असतं. यातलं नेमकं काय वाचायचं?

उत्तर : इंपिडन्स (हेडफोन विजेला किती विरोध करतो, ते ओहममध्ये) आणि सेन्सिटिव्हिटी (ठरावीक वीज दिल्यावर तो किती मोठा वाजतो, ते डेसिबलमध्ये), हे दोन आकडे वाचा. बाकीचे सोडून दिलेत तरी फारसं बिघडत नाही. ड्रायव्हरच्या, म्हणजे आतल्या छोट्या स्पीकरच्या, आकारावरून आवाजाचा दर्जा कळत नाही. 'इतके ते इतके हर्ट्झ' हा पल्ला किती डेसिबलच्या चढउतारात मोजला, ते सांगितलेलं नसेल तर त्याला अर्थ नाही. ४० किलोहर्ट्झला आवाज ३० डेसिबलने पडलेला असला तरी 'तिथपर्यंत पोचतो' असं छापता येतं. शिवाय माणसाच्या कानाची हद्द २० किलोहर्ट्झलाच संपते आणि वय वाढेल तशी ती आणखी खाली येते.

सेन्सिटिव्हिटी वाचताना मात्र डोळे उघडे ठेवा. कोणी ती एक मिलिवॅटला किती डेसिबल अशी देतं, तर कोणी एक व्होल्टला किती अशी. आकडा दोन्हीकडे १०० असला तरी हेडफोन सारखे नसतात. मिलिवॅटवरून व्होल्टवर यायचं तर ३२ ओहमच्या हेडफोनसाठी १५ डेसिबल मिळवायचे, ६४ ओहमसाठी १२ आणि ३०० ओहमसाठी साधारण ५. म्हणजे ३२ ओहमचे दोन हेडफोन घेतले, एकावर 'मिलिवॅटला १००' आणि दुसऱ्यावर 'व्होल्टला १००' असं लिहिलेलं असेल, तर दुसरा पहिल्यापेक्षा १५ डेसिबलने हळू वाजेल. तुलना करण्याआधी दोन्ही आकडे एकाच मापात आणा.

प्रश्न : ३०० ओहमचे हेडफोन घ्यायचे मनात आहे. मोबाइलवर वाजणार नाहीत, आवाजाची ताकद वाढवणारा वेगळा अ‍ॅम्प घ्यावाच लागेल असं सगळे सांगतात. खरं आहे का?

उत्तर : अर्धं खरं आहे. इंपिडन्स जास्त म्हणजे हेडफोन 'जड', हा समज फार पसरलेला आहे, पण ते गणित सेन्सिटिव्हिटीशिवाय पुरं होत नाही. दोन उदाहरणं पाहू. सेनहायझर एचडी ६५० हे ३०० ओहमचे आहेत आणि एका व्होल्टला १०३ डेसिबल देतात. संगीतातल्या सर्वांत मोठ्या ठोक्याला ११० डेसिबल हवेत असं धरलं, तर त्यांना सव्वादोन व्होल्ट, १७ मिलिवॅट आणि जेमतेम साडेसात मिलिअँपिअर लागतात. हायफायमॅनचे एचई-६ केवळ ५० ओहमचे, पण त्यांची सेन्सिटिव्हिटी मिलिवॅटला ८३.५ डेसिबल इतकी कमी. त्याच ११० डेसिबलसाठी त्यांना ४.७ व्होल्ट, साडेचारशेच्या आसपास मिलिवॅट आणि ९५ मिलिअँपिअर द्यावे लागतात. ओहम सहापट कमी असूनही चालवायला हे कितीतरी कठीण.

आता तुमच्या मोबाइलकडे येऊ. यूएसबी-सी ते ३.५ मिमी असा छोटा डोंगल साधारण एक व्होल्ट देतो. काही डोंगल अर्धा व्होल्टच देतात, काही दोन. एका व्होल्टला एचडी ६५० चे ठोके १०३ डेसिबलपर्यंत जातात. ठोक्यांपेक्षा सरासरी पातळी साधारण १५ ते २० डेसिबल खाली असते, म्हणजे सरासरी ऐकणं ८३ ते ८८ डेसिबलवर येतं. घरात शांतपणे ऐकायला हे पुरे, किंबहुना रोज तासन्‌तास ऐकण्यासाठी जास्तच. अडचण येते ती जुन्या ध्वनिमुद्रणांना किंवा खूप चढउतार असलेल्या संगीताला. ती मुळातच हळू मुद्रित केलेली असतात, तेव्हा व्हॉल्यूम शंभर टक्के करूनही मन भरत नाही. तुमचं ऐकणं तसलं असेल तर दोन व्होल्टचा डोंगल घ्या. टेबलावरच्या मोठ्या अ‍ॅम्पची गरज त्यानंतरही उरली, तरच तो घ्या.

पारख सोपी आहे. तुम्ही ऐकता त्यातलं सर्वांत हळू मुद्रित झालेलं गाणं लावा. व्हॉल्यूम ८० टक्क्यांच्या आत पुरेसा होत असेल तर अ‍ॅम्पमुळे मोठा आवाज करण्याची सोय वाढेल, सूर बदलणार नाही. अँड्रॉइडवर एक गोम आहे. काही डोंगलांचा स्वतःचा व्हॉल्यूम फोनकडून पूर्ण उघडलाच जात नाही, त्यामुळे डोंगल कमजोर वाटतो. तो संगणकाला लावून पाहा. तिथे मोठा वाजला तर डोंगलमध्ये दोष नाही.

अ‍ॅम्प घेतलाच तर त्याचा आउटपुट इंपिडन्स विचारा. हेडफोनच्या इंपिडन्सच्या एक अष्टमांशाहून तो कमी असावा असा ठोकताळा आहे. कानात घालायच्या, अनेक ड्रायव्हर असलेल्या इअरफोनना हा नियम सर्वांत जास्त लागू पडतो, कारण त्यांचा इंपिडन्स प्रत्येक सुराला वेगळा असतो. समजा तो कुठे ८ ओहम आहे आणि कुठे ४०. अ‍ॅम्पचा आउटपुट इंपिडन्स १० ओहम असेल, तर या दोन ठिकाणांत ५ डेसिबलचा फरक नुसत्या जोडणीमुळे पडतो. असा इअरफोन एका फोनवर गोड आणि दुसऱ्यावर कर्कश वाजतो, त्याचं कारण बहुधा हेच असतं.

प्रश्न : चांगला नावाजलेला इअरफोन घेतला. परीक्षणांत बेसची तारीफ होती, मला मात्र पत्र्याच्या डब्यासारखं ऐकू येतं. माझ्या भावाच्या कानात तोच उत्तम वाजतो. तुकडा सदोष आहे का?

उत्तर : भावाच्या कानात नीट वाजतो, म्हणजे तुकडा ठीक आहे. तुमच्या कानात हवा गळते आहे. इअरफोनचा ड्रायव्हर एवढासा असतो. खालचे सूर तो देऊ शकतो ते टिप (कानात बसणारी मऊ टोपी) आणि कानाचा पडदा यांच्यामधली इवलीशी हवा बंदिस्त असते म्हणूनच. तिथे केसाएवढी फट राहिली तरी शे-दोनशे हर्ट्झच्या खालचा आवाज झपाट्याने पडतो. तबल्याची थाप ऐकू येते, पण बायाँचा घुमारा नाहीसा होतो.

आधी खात्री करून घ्या. ५० हर्ट्झचा सलग सूर हळू आवाजात लावा आणि इअरफोन बोटाने किंचित आत दाबा. सूर एकदम भरून आला तर गळती पक्की. दोन्ही कानांना हे वेगवेगळं करा. बहुतेकांच्या दोन कानांची भोकं एका मापाची नसतात, तेव्हा डाव्याला मध्यम आणि उजव्याला मोठी टिप लागली तर त्यात वावगं काही नाही.

घालायची पद्धतही महत्त्वाची आहे. उजवा इअरफोन घालताना डावा हात डोक्यावरून नेऊन उजव्या कानाची वरची कड वर आणि मागे ओढा. वाकडी कर्णनलिका त्याने सरळ होते. मग इअरफोन थोडा फिरवत आत सरकवा आणि कान सोडा. सिलिकॉनची टिप वारंवार निसटत असेल तर आधी एक माप मोठी घेऊन पाहा. लोक उलट करतात. दुखतं म्हणून लहान टिप घेतात, ती खोल जाते पण बसत नाही. फोमची टिप असेल तर ती बोटांत वळून बारीक करा, घाला, आणि फुगेपर्यंत पंधरा-वीस सेकंद बोटाने धरून ठेवा. फोम घाम आणि मळ शोषतो, त्यामुळे तो दोन-तीन महिन्यांत निबर होतो आणि पुन्हा गळू लागतो. फोमच्या टिपा धुऊन पूर्ववत होत नाहीत, त्या बदलायच्याच. सिलिकॉनच्या टिपा मात्र नळीवरून काढून कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच परत चढवा.

टिप किती खोल बसते त्यावर वरचे सूरही बदलतात. नलिकेत उरलेल्या हवेचा स्वतःचा एक घुमारा असतो, साधारण ८ किलोहर्ट्झच्या आसपास. टिप खोल गेली की तो वर सरकतो, उथळ राहिली की खाली येतो. टोचणारा 'स' कधी कधी नुसती टिप बदलून शांत होतो.

कानावरून बसणाऱ्या हेडफोनमध्येही हीच कहाणी आहे, तिथे गळती करते ती चष्म्याची जाड काडी. बंद पाठीच्या (कपाची मागची बाजू बंद असलेल्या) हेडफोनला ती फार जाणवते. काडी पातळ करणं किंवा मऊ, जाड पॅड लावणं, एवढेच उपाय आहेत.

प्रश्न : इअरफोनमधून वाद्यं ऐकू येतात, गायकाचा आवाज मात्र खोल विहिरीत गेल्यासारखा. कधी कधी पूर्ण गायब! गाणं तेच आहे. हे काय आहे?

उत्तर : ग्राउंडची, म्हणजे विजेच्या परतीची, तार सुटली आहे. प्लगच्या टोकाला डावा, मधल्या कड्याला उजवा आणि बुडाच्या भागाला दोघांचं सामाईक ग्राउंड अशी साध्या तीन भागांच्या प्लगची रचना असते. ग्राउंड तुटलं की डावा आणि उजवा ड्रायव्हर एकामागोमाग एक जोडले जातात आणि त्यांना मिळतो तो दोन्ही बाजूंमधला निव्वळ फरक. गायक बहुतेक मुद्रणांत अगदी मधोमध ठेवलेला असतो, म्हणजे दोन्हीकडे सारखाच. सारख्यातून सारखं वजा झालं की हाती शून्य येतं. बाजूला ठेवलेली वाद्यं आणि घुमारा तेवढा उरतो.

पहिल्यांदा प्लग पूर्ण आत जातोय का ते पाहा. फोनच्या जाड कव्हरमुळे तो मिलिमीटरभर बाहेर राहिला तरी एवढं होतं. मग फोन बंद करून खाचेत विजेरी मारा. खिशातला कापूस-धागा तळाशी दाबून बसलेला असतो. तो लाकडी दातकोरणीने काढा, टाचणीने नाही. इअरफोनला माइक असेल तर त्याचं बटण दाबून धरा. दाबल्यावर गायक परत आला तर तार शाबूत आहे, जमवणूक चुकली आहे. चार भागांच्या प्लगचे दोन प्रघात आहेत. सीटीआयएमध्ये दुसऱ्या कड्याला ग्राउंड आणि बुडाला माइक असतो, ओएमटीपीमध्ये नेमकं उलट. फोन एका प्रकारचा आणि इअरफोन दुसऱ्या प्रकारचा असला की ग्राउंड माइकमधून फिरतं. बटण माइक आणि ग्राउंड एकत्र जोडतं, म्हणून ते दाबून धरलेलं असेपर्यंत सगळं सुरळीत वाटतं. यावर दोन जोडण्यांची अदलाबदल करणारा छोटा अ‍ॅडॅप्टर मिळतो.

यापैकी काहीच नसेल तर मल्टिमीटर ओहमवर लावा. तीन भागांच्या, ३२ ओहमच्या इअरफोनवर टोक ते बूड तिशीच्या आसपास आकडा दिसायला हवा, कडं ते बूडही तेवढाच आणि टोक ते कडं याच्या दुप्पट. ग्राउंड तुटलेलं असेल तर पहिल्या दोन्ही मापांत मीटर काहीच दाखवणार नाही, टोक ते कडं मात्र साठीच्या घरात येईल. तार हलवत मोजा. आकडा जिथे उडतो तिथे तुटलं आहे, आणि बहुतेक वेळा ते प्लगच्या रबरी गळ्यापासून दोन सेंटिमीटरच्या आत असतं.

दुरुस्ती घरी होऊ शकते. गळ्याच्या वर तीन सेंटिमीटर अंतरावर केबल कापा. नव्या प्लगचं आवरण आणि उष्णतेने आकसणारी नळी आधी केबलमध्ये ओवून घ्या. हे विसरलं तर झाळलेलं सगळं परत सोडवावं लागतं, आणि विसरलं जातंच. आतल्या तारांवर रंगीत व्हार्निश असतं, त्यावर सोल्डर धरत नाही. सोल्डरिंग आयर्नचं तापमान ३८० ते ४०० अंशांवर ठेवून टोकावर सोल्डरचा थेंब घ्या आणि फ्लक्स लावलेली तार त्यात दोन-तीन सेकंद बुडवा, व्हार्निश जळून जातं. लाल सहसा उजवा, हिरवा किंवा निळा डावा आणि तांब्याच्या रंगाची तार ग्राउंड. पण रंगावर विसंबू नका, झाळण्याआधी मीटरने ताडून पाहा.

प्रश्न : ब्लूटूथ हेडफोनवर संगणकातून गाणी छान वाजतात. व्हिडिओ मीटिंग सुरू झाली की सगळा आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो. जास्त चांगला कोडेक असलेला हेडफोन घेऊ का?

उत्तर : नको, कोडेक (आवाज आटोपशीर करून बिनतारी पाठवण्याची पद्धत) बदलून हे सुटणार नाही. गाणी ऐकताना ब्लूटूथ एका दिशेने स्टिरिओ आवाज पाठवतं. हेडफोनचा माइक चालू झाला की ते संभाषणाच्या प्रोफाइलवर उतरतं. तिथे आवाज मोनो असतो आणि दर सेकंदाला ८ हजार, फार तर १६ हजार नमुने घेतले जातात. १६ हजार नमुन्यांतून ८ किलोहर्ट्झच्या वरचं काहीच जात नाही.

उपाय फुकटचा आहे. मीटिंगच्या सेटिंगमध्ये आउटपुट हेडफोनच ठेवा आणि इनपुट म्हणून संगणकाचा स्वतःचा माइक निवडा. हेडफोनचा माइक कोणी मागितला नाही की स्टिरिओ टिकून राहतं. पार्श्वभूमीला दुसरं एखादं अ‍ॅप माइक धरून बसलेलं नाही ना, तेवढं पाहा. ब्लूटूथच्या ५.२ आवृत्तीबरोबर २०२० मध्ये आलेल्या एलई ऑडिओत ही अडचण बरीच सुटते, पण हेडफोन आणि संगणक दोघांनाही ते येत असेल तरच.

कोडेकविषयी विचारलंतच म्हणून सांगतो. साधा एसबीसी कोडेक नेहमीच्या सर्वोच्च सेटिंगला सेकंदाला ३२८ किलोबिट देतो, अ‍ॅपटीएक्स ३५२, अ‍ॅपटीएक्स एचडी ५७६ आणि एलडॅक जास्तीत जास्त ९९०. सीडीवरचा आवाज १४११ किलोबिटचा. पण एलडॅकचा तो वरचा आकडा गर्दीच्या ठिकाणी टिकत नाही. तुटक वाजू नये म्हणून फोन त्याला ६६० किंवा ३३० वर उतरवतो. आयफोन एसबीसी आणि एएसी एवढेच पाठवतो, तेव्हा आयफोनवाल्यांनी हेडफोनवरच्या एलडॅकच्या चिन्हासाठी जास्त पैसे मोजू नयेत. ऐकण्यातला फरक कोडेकपेक्षा हेडफोनच्या जडणघडणीचा कितीतरी मोठा असतो.

हेडफोन लावून कीबोर्डसारखं वाद्य वाजवायचं असेल तर मात्र ब्लूटूथ सोडाच. नेहमीच्या कोडेकांत दीड-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर सहज होतो. बोट पडल्यानंतर सूर येतो, वाजवणारा गोंधळतो. व्हिडिओ पाहताना हा उशीर जाणवत नाही, कारण बहुतेक अ‍ॅप चित्रच तेवढं मागे ठेवतात.

प्रश्न : उघड्या पाठीचे घ्यावेत की बंद? आणि नॉइज कॅन्सलिंगने माणसांची बोलणी का थांबत नाहीत?

उत्तर : शेजारी कोणी झोपत असेल, बाहेर गोंगाट असेल किंवा मायक्रोफोनसमोर वापरायचे असतील तर बंद. एकट्याने, शांत खोलीत ऐकायचे असतील तर उघडे. उघड्यांत मागची लाट कपात अडकून परत कानावर येत नाही, म्हणून तानपुऱ्याचे झंकार मोकळे वाटतात. बदल्यात अगदी खालचा बेस कमी आणि खोलीतल्या सर्वांना तुमचं गाणं ऐकू जाणार.

नॉइज कॅन्सलिंग बाहेरच्या लाटेची उलटी लाट तयार करतं. पंखा, इंजिन अशा सलग, खालच्या घरघरीला ते छान जमतं. साधारण एक किलोहर्ट्झच्या वर लाटा इतक्या आखूड होतात की वेळेचा जराही फरक पडला तर उलटी लाट जुळत नाही. त्यावरच्या सुरांना अडवण्याचं काम पॅड किंवा टिपच करते. बोलण्यातली व्यंजनं नेमकी तिथे असतात.

प्रश्न : अ‍ॅम्पला ४.४ मिमीचं बॅलन्स्ड आउटपुट आहे, माझा हेडफोन साध्या ३.५ मिमी प्लगचा. साधा अ‍ॅडॅप्टर लावून चालेल ना?

उत्तर : चालणार नाही, लावू नका. बॅलन्स्ड आउटपुटमध्ये डाव्या-उजव्याच्या ऋण बाजू वेगळ्या असतात आणि दोन्हींवर अ‍ॅम्प चालत असतो. ३.५ मिमीच्या तीन भागांच्या प्लगमध्ये त्या दोन्ही एकत्र बांधलेल्या आहेत. अ‍ॅडॅप्टर लावताच दोन अ‍ॅम्प एकमेकांवर शॉर्ट होतात. काही अ‍ॅम्प स्वतःला वाचवतात, काही जळतात. उलट दिशा मात्र सुरक्षित आहे. बॅलन्स्ड केबल असलेला हेडफोन अ‍ॅडॅप्टर लावून साध्या आउटपुटला खुशाल जोडा.

बॅलन्स्डवर आवाज 'उघडतो' असं लोक म्हणतात, तेव्हा बहुधा व्होल्टेज दुप्पट होऊन ६ डेसिबलने मोठा झालेला आवाजच त्यांना भावलेला असतो. दोन हेडफोन किंवा दोन अ‍ॅम्प ताडून पाहताना हाच घोळ होतो. एक डेसिबलने मोठं वाजणारं उपकरण 'जास्त स्पष्ट' वाटतं. पारखताना आधी एकच बोललेला आवाज दोन्हींवर सारख्या पातळीला आणा, मगच गाणं लावा, आणि गाण्यातला तोच अर्धा मिनिट पुन्हा पुन्हा ऐका.

प्रश्न : नवे हेडफोन शंभर तास वाजवून 'मुरवावे' लागतात का?

उत्तर : नाही. पहिल्या काही आठवड्यांत पॅड दबून मऊ होतात, ड्रायव्हर कानाच्या थोडा जवळ येतो, आणि तुमचं मन त्या आवाजाला सरावतं. पहिल्याच दिवशी टोचत असेल तर परत करण्याची मुदत संपायच्या आत परत करा.

प्रश्न : हेडफोन बाकी आवडतो, पण 'स' आणि 'श' कानात घुसतात. इक्वलायझरने सुधारेल का?

उत्तर : बऱ्याच अंशी सुधारेल. मात्र पाच ठरावीक पट्ट्यांच्या इक्वलायझरने नाही, पॅरामेट्रिकने (कोणता सूर किती बदलायचा ते स्वतः ठरवता येतं अशा) करा. विंडोजवर इक्वलायझर एपीओ आहे, अँड्रॉइडवर पॉवरअँप इक्वलायझर. साइन सूर अगदी हळू आवाजात ५ पासून ९ किलोहर्ट्झपर्यंत सावकाश वर न्या. एका जागी तो अचानक टोकदार होईल, तो आकडा लिहून ठेवा. तिथे 'पीक' प्रकारचा फिल्टर लावा, गेन (पातळीतला बदल) उणे ३ डेसिबल आणि क्यू (फिल्टर किती अरुंद, ते) साधारण ३. गाणं लावून पाहा, कमी वाटलं तर उणे ५ पर्यंत जा. त्याहून खोल गेलात तर झांजा मेलेल्या वाटू लागतात.

उलट चूक जास्त वेळा होते. आठ-नऊ किलोहर्ट्झला एखादा सूर बुडालेला सापडतो आणि लोक तो वर उचलतात. तो खड्डा बहुधा तुमच्या कानाच्या आकाराचा असतो. हेडफोन थोडा सरकला की तो हलतो आणि उचललेला सूर टोचायला लागतो. कापा, या भागात वाढवू नका.

बेस वाढवायचा असेल तर तेवढंच, एकूण पातळी ठरवणारं, प्रीअ‍ॅम्प खाली घ्या. १०० हर्ट्झखाली ६ डेसिबल वाढवले की प्रीअ‍ॅम्प उणे ६. हे केलं नाही तर मोठ्या ठोक्यांना डिजिटल आवाज वरच्या छताला आपटतो, चरचर येते, आणि दोष बिचाऱ्या ड्रायव्हरला दिला जातो.

प्रश्न : दोन वर्षांत पॅडची पापुद्र्यासारखी सालं निघतात आणि बेसही कमी वाटतो. कोणतेही पॅड लावले तर चालतील का?

उत्तर : पॅडवरचं कृत्रिम कातडं पॉलियुरेथेनचं असतं. घाम आणि दमट हवेतलं पाणी त्याचे रेणू तोडतं, म्हणून न वापरलेले पॅडही सुटतात. वापरानंतर सुक्या मऊ कापडाने पुसा. तेल, सॅनिटायझर, स्पिरिट लावू नका. बेस कमी होतो तो फाटलेल्या कातड्यातून आणि दबलेल्या फोममधून हवा गळल्यामुळे.

नवे पॅड शक्यतो त्याच मॉडेलसाठी बनवलेले घ्या. नुसतं माप जुळणं पुरत नाही. जाडी बदलली की ड्रायव्हर आणि कान यांमधलं अंतर बदलतं, आतल्या कडेला भोकं असतील तर मधले सूर बदलतात, कापड लावलं तर बेस गळतो. जुने काढण्याआधी पॅड खटक्यांवर बसलेत की खाचेत ओवलेत ते पाहा. ओवलेले असतील तर एका जागी कड आत अडकवून अंगठ्याने गोलाकार सरकवत न्या. ओढाल तर कड फाटेल. ड्रायव्हरवरचं पातळ फोम किंवा कापडाचं चक्र फेकून देऊ नका, तेही सुरांचा भाग आहे.

प्रश्न : किती मोठ्याने ऐकणं सुरक्षित?

उत्तर : जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने मिळून आखलेल्या मानकात प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा आहे, मुलांसाठी ७५. पातळी ३ डेसिबलने वाढली की मुभा निम्मी होते. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५ तास, आणि हे सगळे आठवड्याचे. प्रवासात आवाज वाढतो तो बाहेरच्या घरघरीवर मात करण्यासाठी. तिथे नीट बसलेली टिप किंवा नॉइज कॅन्सलिंग खरं उपयोगी पडतं, कारण व्हॉल्यूम आपोआप खाली राहतो. ऐकून झाल्यावर कानात शीळ वाजत असेल तर मीटर पाहायची गरज नाही, जास्त झालं आहे.

प्रश्न : इअरफोनची एक बाजू हळू वाजते. दुरुस्तीला टाकू का?

उत्तर : आधी फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये डावा-उजवा बॅलन्स मध्यावर आहे का ते पाहा. मग केबल सुटी होत असेल तर दोन्ही बाजूंचे इअरफोन केबलवर अदलून लावा. दोष केबलच्या बाजूलाच राहिला तर केबल, इअरफोनबरोबर सरकला तर इअरफोन.

इअरफोनच असेल तर टिप काढा आणि नळीच्या तोंडावरची जाळी उजेडात धरा. पिवळट, चकचकीत थर दिसला तर तो कानातला मळ आहे. नळीचं तोंड खाली ठेवून कोरड्या, मऊ ब्रशने हळू झाडा, म्हणजे सुटलेला मळ बाहेर पडेल. सुई घालू नका, तोंडाने फुंकू नका. मळ आत जातो आणि वाफेने ओल धरते. घामानंतर हळू झाला असेल तर सिलिका जेलच्या पुडीबरोबर बंद डबीत रात्रभर ठेवा.

यानेही फरक पडला नाही तर इअरफोन उलटे घाला, डावा उजव्या कानात. तरीही त्याच कानाला हळू ऐकू येत असेल तर दोष इअरफोनमध्ये नाही. कानात मळाचा खडा असू शकतो, तो डॉक्टरांकडूनच काढून घ्या. एका कानाचं ऐकणं एक-दोन दिवसांत अचानक कमी झालं असेल, सोबत शीळ किंवा चक्कर असेल, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. अशा बहिरेपणावरचे उपचार सुरुवातीच्या दिवसांत दिले तरच नीट लागू पडतात.